उतरायचं सकाळी, चढायचं दुपारी

घरात आधी हिमाचल घाटत होतं. ओमने, म्हणजे माझ्या भाच्याने, स्पितीचे व्हिडिओ टीव्हीवर लावून सगळ्यांना जबरदस्तीने दाखवले. बर्फाचे डोंगर, खाली नदी, रस्ता म्हणजे कड्यात कोरलेला कप्पा. बघायला सुरेखच. पण सासूबाईंना रक्तदाब आहे, आणि साडेतीन हजार मीटरच्या वरच्या काझासारख्या गावात त्यांना रात्री झोपवायची माझी तयारी नव्हती. पुण्याहून तिथवर पोचण्यातच निम्मी रजा संपणार, हेही होतंच.

आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "रस्ता झकास आहे. पण तुम्ही आपले घाट तरी कुठे पाहिलेत? दापोली नाहीतर गणपतीपुळं गाठायचं म्हणून उतरता, एवढंच."

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. भोरवरून महाड, कराडवरून चिपळूण, कोल्हापूरवरून सावंतवाडी, अशा गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं काढल्या. त्यांचं म्हणणं असं की सह्याद्री बघायचा तर कोकणात मुक्काम टाकून उपयोग नाही. एका घाटाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं, थोडं दक्षिणेला सरकायचं, पुन्हा उतरायचं. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे एक उभी रेघ मारली, ती सह्याद्रीची धार. तिच्यावर ठिपके दिले: वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली. मग ठिपक्या-ठिपक्यातून पेन्सिल इकडून तिकडे, तिकडून इकडे नेली. आई, म्हणजे सासूबाई, मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "हा तर धावदोरा घातलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. सहलीला नाव मिळालं आणि ओमचं हिमाचल बारगळलं.

आता खरं काम माझ्याकडे आलं. घरात याद्या करणारी मीच.

पहिला प्रश्न महिन्याचा. घाट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जुलै-ऑगस्ट येतो, धबधबे येतात. मी तो साफ नाकारला. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो. 2021 च्या जुलैत महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेली, त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला. म्हातारी माणसं आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन त्या दिवसांत धबधब्याखाली सेल्फी काढायला जायचं मला तरी सुचत नाही. दिवाळीत जावं तर सगळा महाराष्ट्र रस्त्यावर असतो, खोल्यांचे भाव चढलेले, आणि घाटमाथ्यावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं. नवरात्रात कोल्हापुराकडे फिरकायची सोय नाही, अंबाबाईची गर्दी. राहिला दसरा आणि दिवाळीच्या मधला काळ. मुक्ताची, माझ्या मुलीची, सहामाही परीक्षा दिवाळीच्या तोंडावर होती, त्यामुळे दसऱ्यानंतर लगेच निघायचं ठरलं. शाळेत चिठ्ठी दिली.

यात कास गेलं. संदीपला, माझ्या नवऱ्याला, कासचं पठार हवंच होतं. पण तिथला खरा बहर सप्टेंबरचा. दसऱ्यानंतर सोनकी रेंगाळलेली असते, बाकी बरंचसं उरकलेलं. साताऱ्याहून यवतेश्वर चढून तिथे जायचं, परत यायचं, यात एक दिवस मोडणार. कास हे कासच्या वेळी करावं, असं म्हणून मी त्यावर काट मारली आणि तो दिवस कोयनेला दिला. संदीप थोडा वेळ फुगला होता.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि इथे आप्पांचं आणि ओमचं जुंपलं. ओम फोनवरचा नकाशा बघून सांगायचा, पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, तासाभराचा रस्ता. आप्पा म्हणायचे, "गाडीत तुझी आजी आहे की नाही? मग दीड तास धर. आणि मुक्ता आहे ना? मग पावणेदोन." शेवटी आम्ही एसटीचं वेळापत्रक काढलं. हे मला भारी आवडलं. एसटी घाटात मध्ये थांबे घेते हे खरं, पण आपणही घेतोच: कुणाला फोटो हवा असतो, कुणाला चहा, कुणाला उलटी. लाल गाडीला घाटाला जेवढा वेळ लागतो तेवढा कुटुंबाच्या गाडीला लागतो, असं धरून चाललो आणि सहलभर ते तंतोतंत जमलं.

पण वेळेपेक्षा मोठी गोष्ट उजेडाची निघाली. सह्याद्रीचे कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागून येतो, त्यामुळे कोकणाकडची बाजू बराच वेळ सावलीत असते. दुपारी ऊन थेट कड्यांवर पडतं, आणि मग एकेक कातळ, एकेक घळ मोजून घ्यावी अशी दिसते. आप्पा म्हणाले, "संध्याकाळी घाट उतरायचा नाही. सूर्य डोळ्यांत येतो, काच चमकते, समोरचा ट्रक दिसत नाही. सकाळी उतरायचं, दुपारी चढायचं. दोन्ही वेळा सूर्य पाठीला." यातून आणखी एक सोय आपोआप झाली. दुपारचं जेवण कोकणात, म्हणजे मासे. रात्रीचा मुक्काम वर, म्हणजे गारवा. ऑक्टोबरात चिपळुणात पंख्याखाली घामाघूम होऊन झोपण्यापेक्षा घाटमाथ्यावर गोधडी पांघरणं केव्हाही चांगलं.

त्याला दोन बाजूंनी कात्री लागते. सकाळी फार लवकर निघालं तर घाटात धुकं. म्हणून साडेआठच्या आधी घाटाच्या तोंडाशी जायचं नाही. आणि दुपारी उशीर केला तर परतीचा पाऊस. ऑक्टोबरात सकाळ लख्ख असते, तीननंतर ढग जमतात आणि चारच्या पुढे विजांसकट कोसळतो. म्हणून चढाई चारच्या आत सुरू करायची, पाचला माथ्यावर. एका दिवसात एक उतार, एक चढ. तिसरा घाट नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. आणि अशा दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस बिनघाटाचा.

मग बसायचं कोडं. आमची गाडी अर्टिगा. माणसं सहा. आमच्या घरात गाडी लागणारी माणसं दोन: मुक्ता आणि तिचा बाप. संदीपला मागे बसवलं तर कात्रजलाच चेहरा उतरतो, पण तोच स्वतः चालवत असला तर काही होत नाही. म्हणजे घाटात ड्रायव्हर संदीप, सपाटीला मी, हे कुणी न ठरवताच ठरलं. आप्पा पुढच्या सीटवर; त्यांना दुसरीकडे कुठेही बसवलं तरी ते मनाने पुढेच बसणार. आई मधल्या रांगेत डावीकडे, कारण त्यांना उतरायला रस्त्याच्या कडेचं दार हवं. मुक्ता मधोमध. खिडकीशी बसलं की बरं वाटतं असं सगळे म्हणतात, पण तिचं तसं नाही. तिला समोरच्या काचेतून रस्ता दिसला पाहिजे. वळण डोळ्यांना आधी दिसलं की कानातल्या तोलाला ते मान्य होतं, पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये डोकं घातलं की भांडण सुरू. मी उजवीकडे. ओम सगळ्यात मागे, कारण त्याला जगात काहीच लागत नाही. त्याच्या शेजारची सीट पाडली आणि तिथे सामान कोंबलं. कडक सुटकेस एकही नाही, सगळ्या कापडी पिशव्या, कारण त्या दाबल्या की दबतात.

डॉक्टरांनी मुक्ताला गोळी लिहून दिली ती घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची; घाट लागल्यावर देऊन उपयोग नसतो. रिकाम्या पोटी घाट नको आणि तुडुंब पोटीही नको. दशमी आणि गूळ, किंवा साधा भात. मासे खाऊन लगेच चढायचं नाही, मध्ये तासभर सपाटीचा रस्ता यायला हवा, हेही मी वेळापत्रकात बसवलं. आलेपाक, आवळासुपारी, लिंबू, ओला नॅपकिन, कागदी पिशव्या. आवळासुपारी घाट संपायच्या आत संपते हा नियम आहे, म्हणून दुप्पट घेतली. ती आप्पा खातात.

आणि आता तो विषय, जो पुरुषांनी केलेल्या आराखड्यात कधी सापडत नाही. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी होण्याची गोळी आहे, आणि गुडघे दुमडत नाहीत. म्हणजे दर दीड तासाने बाथरूम हवं, आणि तिथे कमोड हवा. घाटात दोन्ही नसतं. मी कॅलेंडरच्या पानाची नक्कल केली आणि प्रत्येक घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला एकेक जागा लिहिली: पेट्रोल पंप, बरं हॉटेल, एसटी स्टँड. फोन करून विचारलं, "बायकांच्या बाथरूमला कमोड आहे का?" पलीकडचा माणूस आधी गोंधळायचा, मग म्हणायचा, "थांबा, बघून सांगतो." एकाने तर "कशाला पाहिजे?" असंही विचारलं. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घाटाच्या दिवशी पुढे सरकवली. प्लॅस्टिकची कमोडची खुर्चीही घेतली, ओमच्या पायाशी. त्याने नाक मुरडलं, पण आंबोलीला तीच कामाला आली.

मुक्कामांसाठीही असंच. "पायऱ्या आहेत का?" असं विचारलं की सगळे "थोड्याच" म्हणतात. ही थोड्याची व्याख्या गडावर जाणाऱ्या माणसाची असते. त्यामुळे मी सरळ व्हिडिओ कॉल करायला सांगितलं: गाडी उभी राहते तिथून चालायला लागा आणि फोन हातात धरून पलंगापर्यंत जा. हौसेने केलं बहुतेकांनी. एका ठिकाणी तळमजला कबूल करून ऐन वेळी वरची खोली दिली, तेव्हा तोच व्हिडिओ त्यांना दाखवला. खोली बदलून मिळाली, चहाही मिळाला.

गाडीची तपासणी आप्पांनी स्वतः उभं राहून करून घेतली. ब्रेक पॅड, कूलंट, वायपरची रबरं, स्टेपनीतली हवा, मागचे दिवे. गॅरेजवाला म्हणाला, पॅड अजून चालतील. आप्पा म्हणाले, "तुझ्या गावात चालतील." बदलले. संदीपला त्यांनी दोनच गोष्टी घोटून घोटून सांगितल्या. ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरायचं, नुसत्या ब्रेकवर उतरणारा शेवटी लायनरचा वास घेत थांबतो. आणि वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढावरची गाडी थांबली की पुन्हा उचलणं जड जातं. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांबद्दल ते जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

घाट उघडा आहे की नाही हे शेवटपर्यंत कळत नसतं. 2024 च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद केला तेव्हा कित्येक महिने वाहतूक शेजारच्या भुईबावड्यातून चालली होती. म्हणून प्रत्येक घाटाला एक पर्याय लिहून ठेवला. वरंधा नाहीतर ताम्हिणी, करूळ नाहीतर भुईबावडा, आंबा नाही जमला तर कुंभार्लीनेच परत वर. बातमी घ्यायची तर टपरीवाल्याकडून. वरंध्याच्या माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत, त्यातल्या एकाचा नंबर आप्पांच्या जुन्या कंडक्टरकडे होता. आदल्या संध्याकाळी फोन लावला. तो म्हणाला, "या की. रस्त्याचं काम चाललंय दोन ठिकाणी, पण लहान गाडी जातेय. भजी किती प्लेट सांगू?"

तर निघालो. भोरनंतर नीरा-देवघर धरणाचं पाणी रस्त्याच्या कडेकडेने बराच वेळ सोबत करतं, आणि मग एकदम माथा येतो. भजी गरम होती. कावळ्या किल्ला आप्पांनी बोट करून दाखवला. उतरताना मुक्ता ठीक होती, आप्पाच दोनदा रिकाम्या पायांनी ब्रेक दाबताना दिसले. बिरवाडीवरून महाड, जेवण, पोलादपूर आणि आंबेनळी. दुपारच्या उन्हात तो घाट काय दिसतो! सकाळी हाच कडा नुसता काळा ठोकळा वाटला असता. प्रतापगडाच्या फाट्याला ओमने गळ घातली, पण आईंना पायऱ्या आणि आम्हाला पाचची वेळ. गड खालूनच पाहिला. अफजलखानाची फौज महाबळेश्वराच्या बाजूने ज्या वाटेने जावळीत उतरली तो रडतोंडीचा घाट. नावातच सगळं आलं, आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात आईंनी पाच धारांखाली हात धरला. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. इथून सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत जाते आणि कृष्णा अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. आमची सगळी सहल ज्या रेघेवर चालली होती, ती रेघ इथे देवळाच्या आवारात होती. ओमने इथे पहिल्यांदा फोन खिशात ठेवून ऐकलं.

मग केळघरचा घाट उतरून मेढा, सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण. केळघर पूर्वेकडचा, म्हणून आप्पांनी तो हिशोबातच धरला नाही. कोयनानगरला मुक्काम आणि दुसरा सबंध दिवस तिथेच. ओझर्ड्याच्या धबधब्याला पाणी होतं. धरणासमोरच्या नेहरू उद्यानात आई बाकावर बसल्या त्या उठेनात. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप त्यांच्या आठवणीतला आहे. पुण्यात पहाटे भांडी वाजली होती म्हणाल्या.

कुंभार्लीचा दिवस मात्र सगळ्यांत चांगला. साडेआठला हेळवाक सोडलं. कोयना नदी महाबळेश्वरपासून डोंगराच्या धारेला समांतर दक्षिणेला येते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते, कराडला कृष्णेला मिळायला. ही तिची स्वतःची वाट. पण धरणामागच्या शिवसागर जलाशयात अडवलेलं तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला नेलं आहे, पोफळीला ते वीज करतं आणि खाली वाशिष्ठीत पडतं. एकाच नदीचं थोडं पाणी बंगालच्या उपसागराला, थोडं अरबी समुद्राला. हे मला शाळेत शिकवलेलं असणार, पण समजलं ते तिथे गाडीत बसून: आमच्या पायाखालून तेच पाणी कोकणात उतरत होतं, आम्ही वरून वळणं घेत होतो, ते सरळ जात होतं.

घाटाच्या तोंडाशी धुक्याचा पातळ थर होता, पहिल्या दोन वळणांत विरला. खाली कोकण उन्हात आणि आम्ही सावलीत. डोंगराची सावली खालच्या रानावर पडली होती, तिची कड स्पष्ट दिसत होती आणि ती हळूहळू आमच्याकडे मागे सरकत होती. संदीपने गाडी दुसऱ्यावर ठेवली होती. समोरून कांद्याचा ट्रक हूं हूं करत वर आला, संदीप डावीकडे दाबून थांबला. ट्रकवाल्याने हात वर केला. आप्पांनी उत्तरादाखल हात वर केला, जणू गाडी तेच चालवत होते. पोफळी, शिरगाव आणि चिपळूण. बरोबर एसटीच्या वेळेत.

चिपळुणात बांगडा तळलेला, सुरमईची आमटी, सोलकढी. मुक्ताला वरणभात. मग संगमेश्वर, देवरुख, साखरपा असा तासाहून जास्त सपाटीचा रस्ता, मी चालवला. मुंबई-गोवा रस्त्याचं काम या टापूत कधी संपणार कुणास ठाऊक. वळसे घेऊन कंटाळा आला. साखरप्याला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि आंब्याच्या दिशेला आकाश निळसर काळं झालं होतं.

इथे मतभेद झाले. संदीपचं म्हणणं, आत्ताच निघालो तर पावसाच्या आधी वर पोचू. आप्पा काही न बोलता गाडीतून उतरले, रस्त्याकडेला उभे राहिले आणि घाटातून खाली येणाऱ्या गाड्या बघायला लागले. पहिली कोरडी. दुसरी कोरडी. तिसऱ्या जीपच्या टपावर ताडपत्री बांधलेली होती आणि तिच्यावरून पाणी ओघळत होतं. "पडतोय वर," ते म्हणाले. "चहा घ्या." आईंना शेजारच्या हॉटेलात नेलं, ते यादीत होतंच. पाऊण तास वीज कडाडत राहिली, खाली आमच्याकडे चार थेंब आले. मग वरून येणाऱ्या गाड्यांच्या काचा हळूहळू कोरड्या दिसायला लागल्या. सव्वाचारला निघालो, म्हणजे माझ्या वेळापत्रकाच्या बाहेर, पण त्या दिवशीचा आंबा घाट वेळापत्रकात मिळाला नसता. पाऊस धुऊन गेलेला, पश्चिमेला ढगांखालून ऊन तिरकं आलेलं, आणि समोरच्या कड्यांवरून प्रत्येक घळीतून पांढरं पाणी. जुलैतले धबधबे ऑक्टोबरात, अर्ध्या तासापुरते. रस्त्याला वाफ सुटली होती. मुक्ता मधोमध बसून वळणं मोजत होती आणि तिला उलटी झाली नाही. ती झाली दुसऱ्या दिवशी, पन्हाळ्याच्या साध्या सरळ चढावर, आवळासुपारी संपल्यावर.

आंबा गावात थंडी होती. भाकरी, पिठलं आणि झोप.

पन्हाळ्याचा मुक्काम हा खरं तर विश्रांतीचा, त्यामुळे त्याबद्दल फार नाही. मिसळ खाल्ली, तांबडा-पांढरा झाला. तिथून खाली कळे गावापाशी गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. गगनबावड्याला रस्ता फुटतो, एक करूळ, एक भुईबावडा. पंपावर विचारलं, करूळ चालू होता, नवा गुळगुळीत. आप्पांना तो तितकासा आवडला नाही. "घाटात ड्रायव्हर जागा राहायला पाहिजे," असं काहीसं पुटपुटले. मला विचाराल तर गुळगुळीत रस्त्याला माझी काहीही हरकत नाही.

वैभववाडी, तळेरे, कणकवली, कुडाळ. हायवेचा हा तुकडा मात्र झकास झाला आहे. सावंतवाडीत जेवण आणि चितारआळीत लाकडी खेळणी. मुक्ताने भातुकलीचा संच घेतला, ओमने सोळाव्या वर्षी भोवरा घेतला आणि तो कुणासाठी आहे हे सांगितलं नाही. मग आंबोली. त्या दिवशी पाऊस आलाच नाही. दाणोलीपासून झाडी दाट होते आणि घाट असा हिरवा की आप्पांनीही गप्प बसून पाहिला. माथ्यावरच्या धबधब्यापाशी माकडांनी आमच्या उरलेल्या दशम्या लांबवल्या.

परतीचा रस्ता आजऱ्यावरून हायवेला. सपाटी, म्हणून मी चालवायला. कोल्हापूर, कराड, सातारा मागे पडले. खंबाटकीला पुण्याकडे येताना बोगदा लागतो. घाट चढावा लागायचा तो साताऱ्याकडे जाताना. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा आप्पा म्हणाले, "यात कसला घाट?" आणि मागून ओमने विचारलं की माळशेज, नाणेघाट, कसारा असं उत्तरेला काढलं तर किती दिवस लागतील. नाणेघाटातून गाडी जात नाही, तिथे चालत उतरायचं, सातवाहनांच्या काळापासून तसंच आहे, असं आप्पांनी त्याला समजावलं. वाद मंचरपर्यंतच्या रस्त्यावर गेला, मग जुन्नरवर. आईंनी तेवढ्यात एकच अट घातली: नव्या पानावर घाटांच्या आधी बाथरूमं लिहायची.